अठ्ठावीस पिशव्या

“बस खाली, चौदा,” आर्डिस म्हणाली. “निघालीस कुठे? आपण हरलेलो नाही.”

समोर मैदानावर पाहुण्या संघाच्या मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. आमची कर्णधार मायसी पेनल्टीच्या ठिपक्यापाशी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिचा शेवटचा फटका खांबाला लागून बाहेर गेला आणि लीगचा चषक आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या बसमध्ये जाऊन बसला. लोक ब्लँकेटं गुंडाळत, थर्मास काखोटीला मारत पायऱ्या उतरायला लागले होते. छातीशी बांधलेल्या माझ्या आठ महिन्यांच्या इडाला एवढंच कळलं होतं, की आर्डिसची घंटा वाजायची थांबली. ती मान वर करून आर्डिसच्या हाताकडे टक लावून बघत होती.

“आर्डिस, पेनल्टीवर गेला सामना,” मी म्हटलं.

“दिसलं मला. गुडघे गेलेत माझे, डोळे नाहीत. वर्लिन, सांग हिला.”

वर्लिन आमच्या पुढच्या बाकावर. पस्तीस वर्षं त्याने परगण्याच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली. निवृत्त झाल्यावर त्याने एक वही घेतली, आणि टॅमरॅक कॉलेजच्या मुलींच्या सॉकर संघाचा सगळा हिशेब तो तीत मांडतो. त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि पान उलटलं.

“पेनल्टीवर सुटलेला सामना नोंदीत बरोबरी म्हणूनच लागतो,” तो म्हणाला. “चषक त्यांचा, पण पराजय आपल्या नावावर चढत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या चौसष्ट जागा. लीग जिंकणारे थेट आत. उरतात वीस. त्या वीस जागा समिती वाटते, सोमवारी दुपारी. माझ्या हिशेबाने आपण विसावे आहोत.”

“ऐकलंस?” आर्डिसने मला कोपर मारलं. “विसावे!”

“किंवा एकविसावे,” वर्लिन पुटपुटला.

“तू गप रे.”

इतक्यात तिच्या कोटात फोन वाजला. आर्डिसला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ती फोन नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल असाच लावते. फिनिक्सहून तिचा मुलगा लायल बोलत होता.

“आई, मी इथे बघत होतो सामना. वाईट झालं गं.” मग थोडं थांबून, “म्हणजे, संपला ना सीझन?”

“नाही.”

“आई...”

“मी शब्द दिलाय ना? सीझन संपला की येते. संपलेला नाही. ही बरोबरी होती. वर्लिनला विचार.”

“इकडे खोली बघून ठेवलीय तुझी. पूर्वेची खिडकी आहे. वर्षभर ऊन.”

“ऊन काय खायचंय मला?” म्हणत तिने फोन बंद केला. मग मान वळवली, तर पायरीवर मायसी उभी. डोळे सुजलेले, पायांत नुसते मोजे. सामना झाला, की मुली वर येऊन आर्डिसच्या डब्यातली आल्याची बिस्किटं घेतात. हरल्या तरी येतात. मायसी बिस्किटासाठी आली नव्हती.

“माझ्यामुळे जावं लागणार तुला?” तिने विचारलं.

“कुठे?”

“ऐकलं मी.”

“दुसऱ्यांचे फोन ऐकतेस होय? घे, बिस्किट घे. आणि बूट घाल, चौदा. गार पडलंय.”

मीही चौदा, तीही चौदा. मी सात वर्षांपूर्वी ती जर्सी काढली, मध्ये तीन वर्षं ती दुसऱ्या कुणाच्या अंगावर होती, मग मायसीच्या आली. आर्डिसला त्याने फरक पडत नाही. एकदा जो आकडा अंगावर चढला, तो तिच्या लेखी उतरत नाही. गावात दोन मुलांच्या आया झालेल्या बायका किराणा दुकानात “तीन!” अशी हाक ऐकून मागे वळतात.

याचं कारण साधं आहे. आर्डिस एकतीस वर्षं व्यायामशाळेच्या तळघरात कपडे धुवायची. प्रत्येक खेळाडूची एक जाळीची पिशवी, तिला हाताएवढी सेफ्टी पिन, पिनेवर पितळी आकडा. जर्सी, चड्डी, मोजे सगळं पिशवीत घालायचं, पिशवी भिंतीतल्या घसरगुंडीतून खाली सोडायची. दुसऱ्या दिवशी ती धुऊन, वाळून कप्प्यात. नावं वर राहत, आकडे खाली येत. पहिली तेरा वर्षं तर तिने एक सामना पाहिला नव्हता. मग एका मोसमात सहा नंबरच्या पिशवीतून रोज डाव्याच गुडघ्यावर फाटलेला आणि हिरवा झालेला मोजा यायला लागला. ही बया रोज एकाच बाजूवर का पडते, हे बघायला ती एका शनिवारी एप्रनसकट पायऱ्या चढून वर आली. “आणि मग,” ती सांगते, “खाली जावंसंच वाटेना. आमच्या वेळी पोरींनी धावायचं ते बस चुकू नये म्हणून. इथे बघते तर एक पोरगी मुद्दाम स्वतःला जमिनीवर झोकून देतेय, आणि लोक टाळ्या वाजवतायत.” पुढच्या सामन्याला ती वडिलांच्या गोठ्यातली गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन आली. त्याला सव्वीस वर्षं झाली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी खेळ सोडला होता. सोडला म्हणजे, कुणाला सांगितलं नव्हतं. आजारी असल्याचा निरोप धाडायचा आणि संध्याकाळी घडी न मोडलेले कपडे पिशवीत घालून खाली सोडायचे. चौथ्या दिवशी वसतिगृहाच्या दारावर थाप पडली. बाहेर एक धिप्पाड बाई, हातात माझी पिशवी. “चौदा तूच का? तुझी पिशवी स्वच्छ का येतेय?” मी रडायला लागले. ती खाटेच्या कडेवर बसली. समजूत घातली नाही, काही विचारलं नाही. जाताना म्हणाली, “उद्या मला चिखल पाहिजे.”

आणि इडा झाल्यावर सहाव्या आठवड्यात, नवरा कागद गिरणीत रात्रपाळीला आणि मी तीन दिवस न्हायलेली नाही, असं चाललेलं असताना शेजारच्या अंगणातून तीच बाई आली. “तुझी पिशवी कुठाय?” म्हणाली. मी न समजून बघत राहिले. तिने इडाचे सगळे ओले कपडे टोपलीत भरले, नेले, वाळवून आणले. तेव्हापासून इडाला ती ‘बदली’ म्हणते. बदली खेळाडू. मैदानात अजून उतरायची आहे म्हणून.

सप्टेंबरात ती तिच्या तळघराच्या जिन्यावरून दोनदा पडली. तिचं धुण्याचं यंत्र खालीच आहे. दुसऱ्या वेळी तीन तास पडून होती. मी हाका मारत गेले तेव्हा खालून उत्तर आलं, “आरडू नकोस, बदली उठेल.” लायल विमानाने आला. दोन दिवस मायलेकरांचं वाजलं. शेवटी तिने शब्द दिला, सीझन संपला की घर सोडून त्याच्याकडे येईन. लायलला वाटलं, ऑक्टोबरअखेर. टॅमरॅकच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेला आजवर कधी गेलेल्या नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

“आता एकच गोष्ट नीट व्हायला हवी,” त्या शनिवारी सगळे निघून गेल्यावर वर्लिन म्हणाला. तो आर्डिसकडे बघत नव्हता. “उद्या सेंट ओडिल जिंकायला हवं.”

आर्डिसने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो तिच्या ओट्यावर थुंकला.

सेंट ओडिल म्हणजे चाळीस मैलांवरचं जांभळं कॉलेज. त्यांची लीग वेगळी, पण दर सप्टेंबरात आम्ही त्यांच्याशी खेळतो आणि दर सप्टेंबरात हरतो. त्यांचे लोक आमच्या बोधचिन्हावरून “बगळे, तळ्यात जा” असं ओरडतात.

“ते देशात तिसरे आहेत,” वर्लिनने समजावलं. “उद्या त्यांच्या लीगचा अंतिम सामना हरले तरी समिती त्यांना घेणारच. म्हणजे विसातली एक जागा ते खाणार. आणि त्यांना हरवणारं चिल्लर कॉलेज थेट आत जाणार. जाईल कुणाची जागा?”

“विसाव्याची,” मी म्हटलं.

आर्डिस घंटेची जीभ बोटाने हलवत राहिली. मग म्हणाली, “किती वाजता आहे?”

रविवारी आम्ही माझ्या गाडीतून गेलो. मागे इडा आणि वर्लिन, पुढे आर्डिस तिच्या हिरव्या जाकिटात, पाठीवर हा एवढा बगळा.

“निदान आज तरी दुसरं काही घालायचंस,” वर्लिन म्हणाला.

“टाळ्या उसन्या देईन. अंगावरचा कोट देणार नाही.”

आम्ही जांभळ्या टोप्यांच्या बरोबर मधोमध बसलो. एकेक जण वळून पाठीवरच्या बगळ्याकडे बघायचा आणि शेजाऱ्याच्या कानाला लागायचा. आर्डिस ताठ. सामना सुरू झाला आणि अकराव्या मिनिटाला त्या चिल्लर कॉलेजच्या एका बुटक्या मुलीने सेंट ओडिलच्या गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात घातला. सगळ्या पायऱ्या चिडीचूप झाल्या, आणि त्या शांततेत आर्डिसची घंटा दणादण वाजली.

सव्वीस वर्षांची सवय. सेंट ओडिलवर गोल झाला, की हात आपोआप वर जातो. तिचं तिलाच कळलं तेव्हा हात हवेत होता. इडा खदखदून हसली.

पुढच्या बाकावरची जांभळ्या टोपीतली बाई सावकाश वळली. “तुम्ही नक्की कुणाकडच्या?”

“तुमच्याकडच्या,” आर्डिस दात आवळून म्हणाली. “आजच्यापुरत्या.”

“मग आत्ता हे काय होतं?”

“हात घसरला.”

“सव्वीस वर्षं घसरतोय,” वर्लिनने मफलरमध्ये तोंड घालून मला सांगितलं. मला हसू आवरेना. आर्डिसने आम्हा दोघांना डोळ्यांनीच भाजून काढलं.

मध्यंतरानंतर मात्र ती कामाला लागली. सेंट ओडिलची नऊ नंबर, जिला ती चार वर्षं ‘गाढवीण’ म्हणत आली होती, तिला ती आता पायऱ्यांवरून शिकवायला लागली. “नऊ! डावीकडे बघ! अगं डावीकडे, तुला मान दिलीय ना देवाने! आमच्या सहाला लाथ घातलीस तशी घाल आता!” जांभळ्या टोप्या आधी दचकल्या, मग हसायला लागल्या, मग तिच्या सुरात सूर मिसळून ओरडायला लागल्या. सत्तराव्या मिनिटाला नऊने बरोबरी साधली. शेवटच्या चार मिनिटांत पुन्हा तिनेच डोक्याने गोल केला. पुढची बाई उठून आर्डिसच्या गळ्यातच पडली. आर्डिस दोन्ही हात अंगाला चिकटवून उभी राहिली, सुई टोचून घ्यायला आलेल्या मुलासारखी.

परतताना वीस मैल ती घंटा रुमालाने पुसत होती. मग म्हणाली, “घरी गेल्यावर आधी तोंड धुणार आहे मी.”

सोमवारी दुपारी आम्ही कॉलेजच्या भोजनगृहात जमलो. मोठा पडदा, पुढच्या टेबलांवर एकसारख्या हिरव्या स्वेटरमध्ये मुली, मागे आम्ही पन्नाससाठ लोक. कुणी टेटर टॉटचा, बटाट्याच्या गोळ्यांचा, हॉट डिश भाजून आणला होता, त्याला कुणी हात लावत नव्हतं. मी इडाची ढकलगाडी आर्डिसच्या खुर्चीला टेकवून लावली. वर्लिनने चौसष्ट ओळी आखून आणल्या होत्या.

पडद्यावर कोट घातलेला एक माणूस नावं वाचू लागला. सोळा नावं, मग पुन्हा सोळा. सेंट ओडिलचं नाव आलं तेव्हा आर्डिसने नाक मुरडलं पण एकदा टाळी वाजवली. वर्लिनची पेन्सिल ओळी भरत होती. तिसऱ्या गटानंतर तो हळूच म्हणाला, “सगळं जमतंय. जसं पाहिजे तसं जमतंय.” मुलींनी एकमेकींचे हात धरले होते. चौथ्या गटातल्या शेवटच्या जोडीपर्यंत आम्ही जिवंत होतो. मग त्या माणसाने ओहायोतल्या कुठल्याशा कॉलेजचं नाव घेतलं, स्मितहास्य केलं, आणि जाहिरात लागली.

वर्लिनची पेन्सिल शेवटच्या ओळीवर टेकलेली राहिली. “एकविसावे,” तो म्हणाला. “मी म्हटलं होतं, किंवा एकविसावे.”

कुणीतरी पडदा बंद केला. मुलींची प्रशिक्षक उठून पुढच्या टेबलाशी गेली. पुढच्या टेबलावरून हुंदके ऐकू येऊ लागले. मायसी रडत नव्हती. ती मागे वळून आर्डिसकडे बघत होती.

मीही बघत होते. आर्डिसने मांडीवरची घंटा पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद ओढला, त्याला गाठ मारली. मग टेबलावर दोन्ही तळवे रोवून उभी राहिली.

“पिशव्या आणा,” ती म्हणाली.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

“ऐकू येतं ना? मला नाही येत, तुम्हाला येतं. पिशव्या आणा. रडायचं असेल तर रडत आणा. शनिवारपासून तो घाम तसाच पडलाय. असल्या सामन्याचे कपडे मळके ठेवायचे नसतात.”

निवृत्त झाल्यावरही दर वर्षीची शेवटची धुलाई आर्डिसचीच असते. आता तिथे काम करणारा माणूस त्या दिवशी किल्ली तिच्या हातात देऊन कॉफी प्यायला निघून जातो. तिचा नियम जुना आहे आणि कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. शेवटची पिशवी धुऊन कप्प्यात गेली, की सीझन संपला. शिट्टी वाजून काही होत नाही.

म्हणजे ती स्वतःच्याच हाताने संपवायला निघाली होती.

तळघराच्या जिन्यावर दोन मुलींनी तिचे दंड धरले. “सोडा,” ती म्हणाली. “हे जिने मी तुमच्या जन्माआधीपासून उतरतेय.” मी ढकलगाडी लिफ्टने खाली आणली. पिशव्या भिंतीतल्या घसरगुंडीतून धप् धप् खाली येत होत्या. आर्डिसने एप्रन बांधला, बाह्या वर केल्या. प्रत्येक पिशवी उघडायची, मोजा आतून बाहेर करायचा, हात फिरवायचा. आताचं गवत प्लास्टिकचं, हिरवे डाग पडत नाहीत, नुसते रबराचे काळे दाणे गळतात. त्याचा तिला राग आहे. “यातून काय कळणार माणसाला?” ती कुरकुरली. तरी तिला कळतच होतं. “दोनने नखं खाल्लीत, रक्त लागलंय बाहीला. गार पाण्यात टाक ते, चौदा. गरम पाण्यात रक्त पक्कं होतं,” तिने मला बजावलं. सतराच्या खिशातून देवाला लिहिलेली चिठ्ठी निघाली. ती तिने न वाचता घडी करून कप्प्यावर ठेवली.

यंत्रं फिरायला लागली. ती पिशव्या बोटांवर मोजत होती. मग पुन्हा मोजलं.

“सत्तावीस,” ती म्हणाली. “अठ्ठावीस हव्यात.”

दारात मायसी उभी होती.

“तुझी कुठाय?”

“हरवली.”

“हरवली?” आर्डिस कमरेवर हात ठेवून तिच्याकडे वळली. “एकतीस वर्षं मी इथे होते. एक पिशवी हरवली नाही माझी. पाईप फुटून गुडघाभर पाणी आलं होतं तेव्हा नाही हरवली.”

“माझी हरवली.” मायसी जागची हलली नाही. “शोधतेय मी.”

“शोधून कधी देणार?”

“सापडली की.”

“चौदा, मी पोराला शब्द दिलाय.”

“तू दिलायस. मी नाही दिलेला.” मायसीचे डोळे आता भरले. “खांबाला मारला तो माझा चेंडू होता. तो मला परत मारता येणार नाही. पण पिशवी माझी आहे.”

यंत्राच्या काचेतून हिरव्या जर्सी गोल गोल फिरत होत्या, बगळे उलटेसुलटे. आर्डिसने एप्रन सोडला आणि खिळ्याला अडकवला.

“मी खोटं बोलत नाही,” ती म्हणाली, “आणि अर्धं काम झालं असताना झालं म्हणत नाही. सत्तावीस म्हणजे सत्तावीस.”

सगळं वाळवून कप्प्यात लागेपर्यंत चार वाजले. निघताना इडाचा लंगोट बदलायला हवा म्हणून मी ढकलगाडीच्या खालच्या टोपलीत हात घातला. लंगोटांच्या खाली बोटांना जाळी लागली. मग गार पितळ. मी हात तसाच बाहेर काढला आणि वरून इडाचं स्वेटर सरकवलं.

आम्ही चालत घरी निघालो. तळ्यावर कडेकडेने पापुद्र्याइतका बर्फ धरायला लागला होता. अर्ध्या वाटेवर आर्डिस थांबली, दोनदा नाकाने हवा ओढली.

“या गाडीत काहीतरी आंबलंय.”

“लंगोट असेल,” मी म्हटलं.

“हो का?” ती पुढे चालू लागली. “एवढासा जीव आणि केवढा घाम. धुऊन टाक.” आणि चार पावलांनंतर, पाठमोरीच, “सवडीने.”

बुधवारी लायल आला. विमानतळावरून भाड्याची गाडी, मागच्या सीटवर दोन रिकाम्या सुटकेस. पन्नाशीचा, आईसारखाच धिप्पाड, सारखं काहीतरी चुकल्यासारखा चेहरा. मी इडाला घेऊन तिच्याकडे निघाले होते, अंगणातच भेटला.

“तूच तिला शोधलंस ना त्या दिवशी,” तो म्हणाला. “आभार मानायचे राहिले.” मग गाडीचं दार उगीच उघडून पुन्हा लावलं. “मला लोक सांगतात, तिला तिच्या घरात राहू दे. मलाही कळतं. पण फोन वाजला की दर वेळी वाटतं, तीच पडली. जाहिरातवाल्यांचा असला तरी. तीन तास पडली होती ती. तीन तास मी तिकडे दुकानात गिऱ्हाइकांशी हसत होतो.”

मी इडाचं टोपडं नीट केलं.

“आण, मी उचलतो,” तो म्हणाला. आर्डिसच्या ओसरीला चार पायऱ्या आहेत. त्याने ढकलगाडी इडासकट अलगद उचलली. वर ठेवताना तोल सांभाळायला हात खालच्या टोपलीला गेला, आणि तो थांबला. स्वेटर बाजूला सरकलं होतं. जाळी, घामाचा आणि रबराच्या दाण्यांचा वाळलेला थर, आणि पितळी चौदा.

लायल लहान असताना शाळा सुटली की त्या तळघरात येऊन बसायचा. वाळवण्याच्या यंत्रावर, कारण ते गरम असायचं. तिथेच अभ्यास करायचा. शेवटची पिशवी कप्प्यात गेली की मायलेक जेवायला घरी जायचे, त्याआधी नाही. हे मला आर्डिसनेच सांगितलेलं. त्या पितळेच्या आकड्याकडे तो जितका वेळ बघत राहिला, तितक्या वेळात इडाने त्याच्या कोटाचं बटण तोंडात घातलं.

त्याने स्वेटर पुन्हा पिशवीवर ओढलं. कडा आत खोचल्या, चारही बाजूंनी, मुलाला पांघरूण घालावं तसं. मग दार ढकललं.

आर्डिस स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. केस विंचरलेले, हिरवं जाकीट घातलेलं, हात मांडीवर. निघायला तयार बसलेल्या माणसासारखी दिसत होती, आणि न हलायला तयार बसलेल्या माणसासारखीही.

“आई,” लायल म्हणाला. “संपला?”

“सत्तावीस धुतल्या.”

“आणि?”

“एक यायचीय. पोरगी शोधतेय.”

“कधी सापडेल?”

“ते मला कसं ठाऊक? माझ्याकडे आली की धुईन. त्याच दिवशी तुझ्या गाडीत बसेन. शब्द तो शब्द.” तिचा आवाज चढला होता. “पण आली पाहिजे.”

लायल टेबलाशी बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दाराशी ढकलगाडी उभी होती तिकडेही पाहिलं नाही. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“बाबांची मापाची पट्टी कुठाय?” त्याने विचारलं.

“कशाला?”

“आहे का?”

“गॅरेजमध्ये. खिळ्यांच्या डब्याशेजारी. कशाला पण?”

तो उठून गेला. आर्डिस माझ्याकडे वळली. “काय करणार आहे तो?” मी खांदे उडवले. “तू आणि तो,” ती म्हणाली, “दोघंही मला म्हातारी समजता.” आणि आल्याच्या बिस्किटांचा डबा इतक्या जोरात टेबलावर आदळला, की इडाने टाळी वाजवली.

पुढचे दोन दिवस त्या घरातून करवतीचा आणि हातोडीचा आवाज येत होता. वर्लिनही गेला होता, कामापेक्षा हिशेबाला. शनिवारी सकाळी मी इडाचे कपडे घेऊन गेले तेव्हा तळघराच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा झाला होता. पाइनचं पांढरं कोरं लाकूड, घासून मऊ केलेलं, अजून तेल न लावलेलं. सगळ्या घरात त्याचा वास.

“मला कुणी विचारलं होतं?” आर्डिस जिन्याच्या तोंडाशी उभी होती. “चाळीस वर्षं उतरतेय मी हा जिना. उद्या म्हणाल, चमच्याने भरवतो.”

“नको धरूस मग,” लायल म्हणाला.

“नाहीच धरणार.”

तिने माझ्या हातातून इडाच्या कपड्यांची टोपली घेतली, दोन्ही हातांनी छातीशी धरली, की कुणाला शंकाच राहू नये. आणि उतरायला लागली. कठडे दोन्ही बाजूंना, ती मधोमध, एकेक पायरी जड पावलांनी. लायल माझ्या शेजारी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवून उभा होता. मी इडाला घट्ट धरलं होतं.

खालून तिसऱ्या पायरीवर, जिथे ती पडली होती तिथे, ती थांबली. आमच्याकडे पाठ होती तिची. टोपली तिने सावकाश कमरेवर घेतली. मोकळा झालेला हात जरा वेळ तसाच लोंबत राहिला. मग तिने तो त्या कोऱ्या लाकडावर ठेवला, आणि मोज्यातला चिखल बघायला फिरवायची तसा, एकदा पुढे, एकदा मागे फिरवला.